लोडशेडिंग कुणाच्या हातात?

किश्शांचं लेथखालच्या लोखंडी किसासारखं असतं. सकाळी झाडून काढावा, संध्याकाळी पुन्हा ढीग. कुणी मुद्दाम पाडलेला नसतो. काम चालू होतं, म्हणून पडला. आमच्या इन्स्पेक्शन रूममध्ये असा ढीग तीन-चार वर्षं पडत होता. मला रोजचं रोज लिहून ठेवायची सवय, त्यामुळे तो आपोआप माझ्याकडे साठला. त्या किश्शांतले खेळायचे पत्तेसुद्धा माझ्याकडेच आहेत, फ्लॉपी ठेवायच्या एका प्लास्टिकच्या डबीत. डबी साळवेबाईंनी दिली.

मंडळी चौघंच. नागापूरच्या एमआयडीसीत आमचा मोटारींचे सुटे भाग करायचा कारखाना. इन्स्पेक्शनला मी आणि राजूरचा भांगरे. पॅकिंगला सोनईचा दरंदले. आणि शेजारच्या ड्रॉइंग ऑफिसात साळवेबाई, ट्रेसर. इंजिनिअरने पेन्सिलीत काढलेलं ड्रॉइंग बाई ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने उतरवायच्या. डबा खायला मात्र आमच्याकडे, कारण आमच्या खोलीत पंखा होता.

एकदा दरंदले मुलाचे पत्ते घेऊन आला. त्या काळी पोरांत पैलवानांच्या पत्त्यांचं वेड होतं. चित्राखाली उंची, वजन, छाती. ज्याचा आकडा मोठा, त्याने दुसऱ्याचा पत्ता घ्यायचा. दोन दिवस खेळलो आणि दरंदलेच वैतागला.

"ज्याचं वजन जास्त त्यो जिंकतो. मग खेळायचं कशाला? काटाच आना ना!"

मग आम्ही आपले पत्ते करायला घेतले. बेअरिंगच्या खोक्यांत येणारा पांढरा पुठ्ठा कापायचा, चित्र आणि अक्षर बाईंचं. प्रत्येक पत्त्याला एक वजन आणि एक 'खोडी', म्हणजे तो पत्ता पडला की काय घोळ होतो ते. जड पत्ता हलक्याला मारायचा, पण खोडी लागू पडली तर हलकाही जडाला मारायचा. ज्याने त्याने आपले पाच पत्ते घेऊन बसायचं; ज्याचा पत्ता मारला गेला, त्याचा पत्ता मारणाऱ्याचा. नंतर चहाच्या वेळी अदलाबदल करायची मुभा, पण फुकट काही द्यायचं नाही.

पत्ता खेळात घ्यायचा की नाही, हे ठरवायची पद्धत भांगरेची. आमच्याकडे भोक तपासायला गो-नोगो गेज असतं. त्याचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. भांगरे म्हणाला, "पत्त्यालाबी तसंच करू. कुनाला तरी मारता आलं पायजे, तो गो. समद्यांना मारता येता कामा नये, तो नोगो."

थोडक्यात, प्रत्येक पत्त्याला मारणारा एक तरी पत्ता हवाच. आठवडाभर डब्याच्या सुट्टीत चाचणी. नापास झाला तर कोपऱ्यात लाल रंगाचा फटकारा, दुरुस्तीला पाठवला तर पिवळा. मालाला लावतो तेच डबे, तोच ब्रश!

*

पहिला लाल फटकारा दरंदलेला मिळणार होता.

त्याने आणली 'उसाची बैलगाडी'. वजन शंभर. खोडी: 'रस्ता अडवते. मागचे सगळे थांबतात.'

त्याने पहिल्याच हाताला गाडी टाकली. आम्ही थांबलो. भांगरेने पोळी संपवली. बाईंनी ताक प्यायलं.

"पुढे काय?" मी विचारलं.

"काय न्हाई. गाडी हाय."

"पण किती वेळ?"

"कारखान्याच्या गेटापाशी गाडी दोन-दोन दिस हुबी ऱ्हाती पाठकराव. तुमाला भोंग्यापत्तुर धीर न्हाई व्हय?"

भोंगा झाला, गाडी हलली नाही. दुसऱ्या दिवशी सर्वांनी मिळून वजन नव्वदवर आणलं आणि बाईंनी तिला मारणारा पत्ता काढला: 'हंगाम संपला'.

दरंदले त्या पत्त्याकडे बघतच राहिला. "बाई, उभ्या उसात माझी गाडी दावनीला बांधली तुमी!"

तेव्हापासून त्याने ती गाडी हातात घेतली, पण खाली कधी टाकली नाही. कुणी मारून नेईल म्हणून!

*

भांगरे कमी बोलायचा आणि पत्तेही तसेच आणायचा. त्याचा पहिला पत्ता 'धुकं'. वजन शून्य. खोडी: 'हा डाव सगळ्यांनी पत्ते उलटे टाकायचे.'

टाकले. आता कोण जिंकलं?

बाई पंच होत्या. त्यांना अर्धवट काही चालत नसे. रेघ सुटलेली दिसली तर त्या अख्खी शीट पुन्हा काढायच्या. "अहो भांगरे, उलटे पत्ते कधी उघडायचे ते लिहिलंच नाहीत!"

"धुकं गेल्यावं."

"कधी जातं?"

भांगरेने शांतपणे डबा बंद केला. "आमच्याकडं दुपारच्याला जातं. पन कवा कवा जात बी न्हाई."

पिवळा फटकारा.

*

'लोडशेडिंग' ही दरंदलेचीच कल्पना. पूर्ण काळा पत्ता. बाईंची शाईची अर्धी बाटली त्यात गेली. खोडी: 'विजेवर चालणारं सगळं मरतं.' माणूस, जनावर, चहा यांच्यापुढे मात्र कुचकामी. चाचणीत पहिल्या दिवशी पास!

अडचण पत्त्यात नव्हती, दरंदलेत होती. तो पत्ता हातात आला की त्याला दम निघत नसे. पाय हलायला लागायचा, डोळे बारीक व्हायचे, आणि पहिल्या संधीला धाड! समोर मशीन असो की नसो.

एकदा मी 'म्हैस' टाकली. वर लगेच काळा पत्ता.

"दरंदले, म्हैस विजेवर चालते का?"

"पानी कशानं पाजता? मोटार नगं?"

यावर तीन दिवस वाद झाला. म्हैस आमचीच राहिली, पण दरंदले सुधारला नाही. पत्ता हरायचा, अदलाबदलीत दोन चांगले पत्ते देऊन परत आणायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धाड. तो हातात धरून ठेवणं त्याला जन्मात जमलं नसतं, असंच आम्ही समजत होतो.

*

मग कॉम्प्युटर येणार अशी बातमी आली.

ड्रॉइंग आता पडद्यावर होणार आणि मशीनमधूनच छापून निघणार. पुण्याच्या ऑफिसात आधीच सुरू झालं होतं. आमच्याकडून एकाला तिथे ट्रेनिंगला पाठवायचं होतं. एकच. साहेबांच्या मनात नवा डिप्लोमावाला होता. बाई पंचेचाळिशीच्या. ट्रेनिंग झालेला माणूस परत आला की ट्रेसिंगचं टेबल उचलायचं, आणि टेबलामागच्या बाईंचं काय, ते कुणी बोलत नव्हतं.

बाई एरवी जागेवरून उठायच्या नाहीत. त्या दिवसांत मात्र दिवसातून चार वेळा आमच्या दारात. हातात कधी स्केल, कधी नुसताच रुमाल.

"काही कळलं का हो?"

"नाही."

"बरं." आणि जायच्या. अर्ध्या तासाने परत. आम्हीही काही धड जागेवर नव्हतो. एकच भोक भांगरे दोनदा तपासायचा आणि मी तेच तिसऱ्यांदा.

दरंदलेने धीर द्यायला म्हटलं, "बाई, त्यात माऊस असतोय म्हंत्यात. आज ना उद्या वायर खाईलच की!"

बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नवा पत्ता घेऊन आल्या: 'कॉम्प्युटर'. त्यांनी काढलेल्या सगळ्या पत्त्यांत तो सर्वांत देखणा. कीबोर्डाची बटणं एकेक करून काढलेली. खोडी: 'एकदा आला की परत जात नाही.'

"वजन?" मी विचारलं.

"शंभर."

"साठ करू या."

"पाच करा!" दरंदले ओरडला. "लाईट गेली की डबडं!"

"शंभर," बाई म्हणाल्या. "मला भीती वाटते म्हणून कमी करायचं नाही, आणि तुम्हाला माझ्यासाठी वाईट वाटतं म्हणूनही नाही."

चाचणीत सगळ्यांना मारलं. मारणारा एकच, लोडशेडिंग. गो, नोगो, दोन्ही बरोबर. पास.

*

चाचणीत एकदा लोडशेडिंग भांगरेच्या हाती होतं, म्हणून तो पत्ता त्याच्याकडे गेला आणि त्याच्याबरोबर राजूरला जाऊन आला. सोमवारी चहाला बाई त्याच्यासमोर उभ्या.

"मला तो परत हवाय. काय घ्याल?"

भांगरेने बाईंचे पत्ते नीट पाहिले. 'एसटी' होती, 'सोनईचा बाजार' होता, 'हंगाम संपला' होता. शेवटी त्याने बोट ठेवलं 'गार चहा'वर. वजन एक. आमच्या खेळातला सर्वांत मरतुकडा पत्ता.

बाईंचा चेहरा उतरला. "भांगरे, मला दया नको. माझा कॉम्प्युटर काय गार चहाच्या भावाचा?"

भांगरेने बराच विचार केला.

"मग दोन गार चहा द्या."

*

साहेबांना पत्ते सापडले ते याच आठवड्यात. आमचे प्लँट मॅनेजर माणूस तसा वाईट नव्हता, पण कुठून येतील ते सांगता यायचं नाही. आम्ही डबे खाण्यात गुंग, आणि ते मागे उभे. त्यांनी वाकून नेमका एकच पत्ता उचलला.

'साहेब'. वजन चाळीस. खोडी: 'कुणाचीही बदली करतो. कारण सांगत नाही.'



"चाळीसच?" साहेब म्हणाले.

मी चाचपडत गो-नोगोचा नियम सांगितला. वजन वाढवलं की मारणारा पत्ता मिळत नाही वगैरे.

"आणि मला कोण मारतं?"

शेवटी भांगरेने एक पत्ता पुढे सरकवला. 'घरून फोन'.

साहेबांनी तो वाचला, खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला. "हा पत्ता कुणाकडे असतो? त्याला बजावून ठेवा, पाचनंतरच टाकायचा!"

*

आणि शुक्रवारी ते स्वतःचा डबा घेऊन आले.

त्या दिवशी पुण्याला नाव कळवायचं होतं, चारच्या आत. हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. साहेबांनी डबा उघडला, न खाता पुन्हा झाकला. "मलाही पाच द्या."

मी माझ्यातले पाच दिले. मग पत्ते टाकायच्या क्रमाने बसलो: साहेब, बाई, भांगरे, मी, शेवटी दरंदले. त्याच्या हातातले पत्ते मला नेहमीच दिसायचे. मधोमध तो काळा होता.

साहेबांनी हसत 'साहेब' टाकला.

बाईंनी त्यावर 'कॉम्प्युटर' ठेवला. पत्ता टेबलाच्या कडेला अगदी समांतर.

"हा तुमच्याकडे असतो?"

"माझाच आहे, साहेब. मीच काढलाय."

"चालवता येईल?"

"पत्ता, की..."

"दोन्ही."

"शिकवलं तर येईल," बाई म्हणाल्या.

साहेब त्या बारीक बटणांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक. हा डाव तुमचा पत्ता टिकला तर पुण्याला तुमचं नाव. पडला तर त्या मुलाचं." आणि हसले. एकटेच हसले. ही चेष्टा होती की काय होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

भांगरेने 'गार चहा' टाकला.

मी 'म्हैस' टाकली.

दरंदलेचा पाय हलायला लागला. टेबल हलू लागलं, टेबलावरचे डबे खुळखुळले. त्याचं बोट काळ्या पत्त्यावर गेलं, परत आलं. पुन्हा गेलं. बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

दरंदलेने पत्ता ओढला आणि धाड!

'उसाची बैलगाडी'.

वजन नव्वद. कॉम्प्युटरने गाडी मारली. बाईंनी ती उचलली तेव्हा त्यांना तिचं काय करावं ते कळेना.

साहेबांनी टेबलावरचे पत्ते एकवार पाहिले. पत्ते सापडले त्या दिवशी जाता जाता त्यांनी एकूण एक पत्ता वाचून घेतला होता.

"अरे, मग लोडशेडिंग कुणाच्या हातात आहे?"

दरंदलेने हातातले पत्ते छातीशी धरले.

"आज वीज हाय, साहेब!"