लाखेसकट पाच तोळे

सराफानं मला फसवलं आणि मी माझ्या धाकट्या बहिणीला. पहिलं मला माहीत नव्हतं, म्हणून दुसरंही माहीत नव्हतं. बहीण हे मानत नाही. आणि तिनं तरी का मानावं?

बजाजनगरला माझं भंगाराचं दुकान आहे. हातगाडीपासून सुरुवात केली. तांब्याची वायर आली की आधी वरचं प्लास्टिक सोलायला लावतो, मगच काट्यावर घेतो. पत्र्याला माती असली तर वजनातून घट धरतो. लोक शिव्या देतात, पण माझ्या काट्यावर मातीला लोखंडाचा भाव मिळत नाही.

वडील गेल्यावर बिडकीनच्या शेतातला हिस्सा बहिणीनं माझ्यासाठी सोडला. तिच्या लग्नात पाच तोळ्यांचा हार घालीन, असं मी चार लोकांत बोललो होतो. त्यासाठी जुन्या शहरातल्या सराफ्यात गेलो. लाल खड्यांचे दोन सारखे हार पसंत केले, एक बहिणीला, एक बायकोला. सराफानं हाराची कडी कसोटीच्या काळ्या दगडावर घासली, वर तेजाबाचा थेंब सोडला. पिवळी रेघ तशीच राहिली.

"बघा, बावीस कॅरेट. रेघ बोलते, मी नाही."

मग हार काट्यावर ठेवला. पन्नास ग्रॅम, बरोबर पाच तोळे. मी लगेच घडणावळीवर तुटून पडलो. तासभर घासाघीस केली, दोनदा उठून पायऱ्या उतरलो. शेवटी त्यानं हात जोडले. "जाऊ द्या दादा, घडणावळ माफ. तुमच्यासारखी चार गिऱ्हाइकं आली तर मलाच हातगाडी ढकलावी लागेल."

मला ते कौतुक वाटलं. कर वाचवायला पक्कं बिलही घेतलं नाही, साध्या चिठ्ठीवर भागवलं. हॉलमार्कचा शिक्का तेव्हा सक्तीचा नव्हता.

दोन-अडीच वर्षांपूर्वी बहिणीनं लेकीच्या बांगड्यांसाठी तो हार मोडायला काढला. मुकुंदवाडीत, तिच्या घराजवळच्या दुकानात. खडे काढले, त्यांच्या मागे भरलेली लाख खरवडली, तेव्हा सोनं उरलं एकोणचाळीस ग्रॅम. मशीननं कस दाखवला अठरा कॅरेट. बावीसची होती फक्त कडी. त्या दुकानानं लिहून दिलेली वजनाची चिठ्ठी घेऊन ती नवऱ्यासोबत माझ्याकडे आली.

"दादा, हे जरा बघ ना."

वाचलं आणि माझं डोकं फिरलं. "मी पाच तोळे घातलेत. एवढी वर्षं हार कुणाच्या हातात होता ते बघ." हे बोलताना मी दाजींकडे बघत होतो.

दाजी उठले आणि चप्पल घालून बाहेर गेले.

"लई बोललास, दादा," बहीण म्हणाली. "मी भरून मागायला नाय आले. तुला माहीत होतं का, एवढंच विचारायचं होतं."

"तुझ्या घरात विचार!"

त्या भाऊबीजेला ती आली नाही. पुढच्याही नाही.

बायको एकदा म्हणाली, "आपला हार त्याच दिवशीचा, त्याच दुकानातला. तो तरी ठेवा मशीनवर." तिच्यावरही ओरडलो. मग कितीतरी महिन्यांनी, तिला न सांगता, हार घेऊन अनोळखी दुकानात गेलो. तिथल्या माणसानं खडे उचकटले. "खड्यांचं वजन वेगळं लिहितात, काका. खड्यांचे पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. तुमच्या चिठ्ठीवर कुठंय?" तांबूस लाखेचा ढीग कागदावर पडत गेला. उरलं एकोणचाळीसच्या आसपास, कस अठरा. आयुष्यभर मी वायर सोलून घेतली आणि हार न सोलता.

तिथून थेट सराफाकडे गेलो. म्हातारा झालाय, पण त्यानं मला ओळखलं.

"खड्यांचं वजन विचारलं व्हतं का तुम्ही? तुम्ही घडणावळ म्हणालात, ती सोडली."

"आणि कस?"

"रेघ तुमच्यासमोर ओढली."

"कडीची ओढलीत!"

"दुसरीकडं ओढा म्हणालात का? पक्कं बिल असेल तर काढा."

मी काचेवर मूठ आपटली. माणसं जमली. बिल नव्हतं.

संध्याकाळी बहिणीकडे गेलो, सगळं सांगितलं. तिनं पाणी दिलं. दाजी आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. ती म्हणाली, "मातीची घट धरणारा माणूस तू. तू वजनात फसलास, हे कुणाला खरं वाटेल, दादा? आणि वाटलं तरी, इतके दिवस हे चोर होते ना?"

दाजींना चोर ठरवलं त्याचा जाब मी देईन, त्यांच्या दारात उभा राहून, त्यांनी दार उघडलं तर. पण हाराचा जाब माझा नाही, आणि माझ्या तोंडून तो कुणाला पटणारही नाही. सराफानं मुकुंदवाडीला यावं. माफ केलेली घडणावळ हवी तर आज माझ्याकडून घ्यावी. पण माझ्या बहिणीसमोर उभं राहून सांगावं की सोन्याच्या भावात लाख त्यानं घातली, तिच्या भावानं नाही.