पाखऱ्याचं शिंग आणि माझं शून्य

आमच्या घरात आजवर एकाच पुरुषाचं ऑपरेशन झालं, आणि तो बैल होता.

दुष्काळाचं साल. आष्टीकडच्या आमच्या गावात सोसायटीने चारा छावणी उघडली होती. तिथेच आमच्या पाखऱ्याचं उजवं शिंग सडलं. कॅन्सर! शिंग कापलं नाही तर बैल जाणार, आणि बैल गेला तर साखर कारखान्याला ऊसतोडीची गाडी कोण ओढणार? त्या कोरड्या साली तेवढाच आधार होता. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, घशाखाली घास उतरेना.

गुरांचे डॉक्टर छावणीत आले. पाखऱ्याला खोड्यात, म्हणजे गुरं जखडायच्या लाकडी चौकटीत, बांधलं. "भिऊ नका, शिंगाची जागा सुन्न करतो," म्हणत त्यांनी त्याच्या डोळ्याच्या वर सुई टोचली.

"सुन्न मंजी वो?" आईने विचारलं.

डॉक्टरांच्या आधी मीच तोंड उघडलं! (नुकताच बी.ए. झालो होतो, मराठी घेऊन. एरवी मला कुणी काही विचारत नसे.) "आई, मूळ संस्कृत शब्द शून्य. प्राकृतात त्याचं झालं सुण्ण, मग आपलं सुन्न. म्हणजे दुखणं शून्य!"

"दुखणं ऱ्हाऊ दे," आप्पा खेकसले, "बैल ऱ्हाईल का ते सांग!"

तारेची करवत सुरू झाली. खर्र, खर्र! आणि पाखऱ्या? कडबा चघळत उभा! शिंग कापलं जातंय आणि कान हलवून माशा हाकलतोय! सुईभर औषधाची एवढी करामत! आईने तर डॉक्टरांना हातच जोडले.

"आई," मी भारावून म्हणालो, "ज्या कुणी शून्य शोधलं, तो आज आपल्या बैलाच्या कपाळात..."

तेवढ्यात शिंग सुटलं आणि रक्ताची चिळकांडी माझ्या सदऱ्यावर! पुढचं भाषण मी जमिनीवर आडवं होऊन पूर्ण केलं म्हणतात.

"आरं, पाणी मारा तोंडावर!" कुणीतरी ओरडलं.

"याड लागलं का?" हा आईचा आवाज. "टँकरचं पाणी हाय, बैलासाठी ठिवलंय. त्याला कांदा हुंगवा!"

कांद्याने मी डोळे उघडले. "आई, कसं आहे गं माझं?"

"लई बेस हाय! रवंथ करतोय."

जखम भरत आली. पाखऱ्या गाडीला जुंपण्याजोगा झाला, आप्पा पोटभर जेवू लागले. शेवटची पट्टी बदलायला डॉक्टर आले, तेव्हा आप्पा दावं घेऊन बैलाकडे निघाले.

"तो राहू द्या मोकळा," डॉक्टर म्हणाले. "आधी तुमच्या पोराला खोड्यात घाला, परत आडवा व्हायचा!"

आप्पांनी पाखऱ्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं, आणि दावं घेऊन माझ्याकडे आले.