चिंचोके मोजणारे तात्या

तात्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी घाणेरीच्या झुडपात होतो आणि तात्या बाहेर होते.

गोल्फच्या मैदानावरचा माझा पहिलाच दिवस. चेंडू मैदान सोडून झुडपात शिरला, म्हणून काठी घेऊन मीही त्याच्यामागे शिरलो. आत बघायला कुणी नव्हतं. एकदा मारला, फांदीला लागला. पुन्हा मारला, दगडावर आपटून माझ्याच पायाशी आला. तिसऱ्यांदा कसाबसा बाहेर पडला. त्याच्यामागोमाग मीही बाहेर आलो, बाहीत अडकलेला पाला झटकला आणि चारचौघांत शोभेल अशा आवाजात जाहीर केलं, "एक!"

माझी पिशवी खांद्याला लावून एक साठीपलीकडचे गृहस्थ उभे होते. डोक्यावर पांढरी टोपी, आणि क्लबची हिरवी टोपी सक्तीची असल्यामुळे त्या टोपीवर ती टोपी. त्यांनी पायजम्याच्या डाव्या खिशातून तीन चिंचोके काढले आणि एकेक करून उजव्या खिशात टाकले.

"तीन कशाला?" मी विचारलं. "तुम्ही तर बाहेर होता."

"आमी बाहेर व्हतो, सायेब," ते म्हणाले, "पन झुडूप तीनदा हाललं."

हे सोपानतात्या. मूळ चिखलीचे. चिखलीत शेतं होती तेव्हापासूनचे. भोसरीच्या एका प्रेसशॉपमध्ये त्यांनी उभी हयात काढली, आणि तिथे त्यांचं काम एकच, मोजणं. दाबयंत्रातून पत्र्याचे तुकडे पडत, तात्या ते मोजून डब्यात भरत. निवृत्त झाल्यावर चाकणच्या पुढे टेकडीवर आमचा क्लब आहे तिथे ते कॅडी म्हणून लागले. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी वाहणारा, हरवलेला चेंडू शोधणारा आणि न विचारता सल्ला देणारा माणूस. हळूहळू ते बाराजणांचे म्होरके झाले आणि चिंचोके त्यांनी सगळ्यांच्या खिशात घातले.

मी या खेळात पडलो ते चाकणच्या कंपनीत क्वालिटी विभागाचा प्रमुख झालो म्हणून. आमचे मोठे साहेब म्हणाले, "परदेशी कस्टमर खरं काय ते गोल्फच्या मैदानावरच बोलतात. शिका." निगडीला घरी येऊन बायकोला समजावून सांगितलं. अठरा भोकं असतात, काठीने मारत मारत चेंडू प्रत्येक भोकात घालायचा, ज्याचे फटके सगळ्यात कमी तो जिंकला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग हाताने टाकून या की. फटके शून्य."

तात्यांना हा किस्सा सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "वैनींना एकदा घेऊन या. त्यांना खेळ कळलाय."

पिशवीतल्या काठ्यांची इंग्रजी नावं तात्यांनी कधीच मनावर घेतली नाहीत. लांब मारायची ती मुसळ. वाळूच्या खड्ड्यातून चेंडू उकरायची ती उलथनं. मी जोशात येऊन मुसळ मागितलं की ते उलथनं हातात देत. "सायेब, मधी तळं हाय."

"ओलांडेल हो तात्या, आज हात चांगला बसलाय."

"हात बसलाय, पन तुमचा चेंडू पवत न्हाई."

मी हट्टाने मुसळ घ्यायचो. तळ्यात टप्पकन आवाज व्हायचा. तात्या तोंडाने काही म्हणत नसत. डावा खिसा, उजवा खिसा, बस्स. रविवारच्या आमच्या खेळाला पंच नसतो; ज्याचे फटके त्याने मोजायचे आणि आपल्या हाताने कार्डावर लिहायचे. खेळणारा "सहा" म्हणाला आणि झालेले असले आठ, तर तात्या नुसता उजवा खिसा हलवत. आतून खुळखुळ आवाज यायचा. मग खेळणारा म्हणायचा, "सहा... म्हणजे सात... थांबा, तो बांधावरचा धरला तर आठ." खुळखुळ बंद. दुसऱ्याच्या देखत त्यांनी कुणाचा आकडा कधी तोंडाने सांगितला नाही.

असं सगळं सुखात चाललं असताना कर्णिकसाहेब क्लबच्या समितीचे अध्यक्ष झाले. कर्णिकसाहेबांचा स्वतःचा कारखाना. माणूस सज्जन, पण दोन पायांवर चालणारं काहीही दिसलं की त्याला चाकं लावावीत असं त्यांना वाटायचं. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "कारखान्यात आपण डोक्यावरून माल वाहणं कधीच बंद केलं. मग इथे हमाली कशाला? बॅटरीवरच्या ट्रॉल्या आणू. कॅडीने स्कोअर सुधारतो असं कुणी सिद्ध केलंय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात कुठलाही वाद निघाला की कुणीतरी "ट्रायल घेऊन बघू" म्हणतं आणि क्वालिटीवाल्याच्या गळ्यात घोंगडं पडतं. मला तर हर्षच झाला. सहा रविवार कॅडीसोबत, सहा रविवार कॅडीशिवाय. मी तक्ते छापले, खाली तीन सह्यांच्या जागा ठेवल्या, वर लाल अक्षरांत आवृत्तीचा क्रमांक टाकला. अपघातात सापडलेल्या माणसाची माहितीसुद्धा मी तक्त्यातच घेईन, असा माझा स्वभाव.

निकाल आला. कॅडी नसताना आमच्या क्लबातला झाडून प्रत्येक माणूस जास्त चांगला खेळला होता! वय, वजन, अनुभव, कशाचाही अपवाद नाही. सगळ्यात जास्त सुधारणा कर्णिकसाहेबांची. माझाही आकडा चांगलाच उतरला होता आणि मला त्याचं नवल वाटलं नाही, अभिमान वाटला. मी रंगीत आलेख काढला. रविवारी नाश्त्यानंतर बैठक होती. त्या बैठकीत आलेख दाखवला की बारा कॅडींची नोकरी संपणार, हे मला दिसत होतं. पण आकड्यापुढे मी काय करणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

शनिवारी दुपारी क्लबात गेलो तर तात्या झाडाखाली काठ्या पुसत बसले होते. लपवणं बरं दिसेना, म्हणून आलेख त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी बोटाने दोन्ही रेषा चाचपल्या. "म्हंजी आमी नसलो की तुमी बरं खेळता."

"आकडे तसं म्हणतात, तात्या."

"मग आसंल. माझं काय न्हाई, मी घरी बसंन. पन बाकीचे अकरा जन हायेत, त्यांची घरं ह्याच्यावर चालत्यात. त्यांचं कायतरी बघा." त्यांनी काठी पुन्हा पुसायला घेतली. मग गप्पा मारल्यासारखं म्हणाले, "आमच्या प्रेसशॉपला बी असंच व्हायचं. मी आजारी पडलो की त्या आठवड्यात माल जास्त निघायचा. म्यानेजर लई खूश. म्हनायचे, सोपान, तू घरीच बस, तुझा पायगुन वाईट."

"मग?"

"मग माल गाडीत भरायला घेतला की डबे कमी भरायचे."

एवढं बोलून ते दुसरी काठी पुसायला लागले.

वाचकहो, मी क्वालिटीचा माणूस. आमच्या कंपनीत साधी मोजपट्टीसुद्धा तपासणीचा स्टिकर बघितल्याशिवाय कुणी हातात घेत नाही. नवीन आलेल्या इंजिनिअरला मी पहिल्या दिवशी ओरडून सांगतो, "माप घेण्याआधी माप घेणारा तपासा!" आणि तोच मी बारा रविवार आकडे गोळा केले, पण ते मोजले कुणी, हे विचारलं नाही. कॅडी असताना चिंचोके मोजत होते. कॅडी नसताना आम्ही मोजत होतो. माझ्या कार्डावरचा एकेक आकडा मला आठवायला लागला आणि आठवला तसे कान गरम व्हायला लागले.

रविवारी बैठक भरली. पोह्यांच्या बश्या बाजूला झाल्या. कर्णिकसाहेब म्हणाले, "हं, दाखवा आलेख. मग ट्रॉल्यांचा ठराव मांडतो."

मी उभा राहिलो. आलेख उलटाच ठेवला. म्हणालो, "दाखवण्याआधी एक दुरुस्ती आहे. गेल्या रविवारी, कॅडी नसताना, सातव्या भोकाला मी कार्डावर पाच लिहिले. मारले आठ. त्यातला एक तर मारलाही नाही. चेंडू झुडपाखाली होता, तो बुटाने बाहेर काढला."

कर्णिकसाहेबांनी हातातला कप खाली ठेवला.

"तुम्हाला सुचवायचंय काय?" कर्णिकसाहेबांचा आवाज थंड होता. "इथे सगळे खोटं लिहितात?"

"छे! मी फक्त माझ्याबद्दल बोलतोय. पण माझा आकडा खोटा निघाला तर माझा आलेख खोटा, आणि त्या आलेखावर बारा माणसं घरी जाणार आहेत."

कर्णिकसाहेब पुढ्यातल्या कपाकडे बघत राहिले. आता हा माणूस मला सभासदत्वातून काढणार, असं मला वाटलं. मग कपालाच सांगावं तसं ते म्हणाले, "चौदाव्याला माझा एक पाण्यात गेला होता. तो धरला नाही." थोडं थांबले. "दोन गेले होते."

आणि मग बांध फुटला! कुणाला वाळूतले तीन आठवले, कुणाला कुंपणापलीकडचे. एका सभासदाने तर एक अख्खं भोक खेळलंच नव्हतं, अंदाजाने चार लिहिले होते. अर्ध्या तासात क्लबाचं सगळं पाप टेबलावर आलं आणि शेवटी पोहे पुन्हा मागवावे लागले. ट्रॉल्यांचा ठराव मांडलाच गेला नाही. कॅडी राहिले. आता कॅडीने खेळ खरोखर सुधारतो का, याचं उत्तर मात्र मला आजतागायत मिळालेलं नाही, कारण पुन्हा ट्रायल घेऊ म्हटल्यावर एकही सभासद तयार झाला नाही.

मी धावत तात्यांकडे गेलो. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"भर सभेत सांगितलंत? आनि कर्णिकसायबांनी बी?"

"सांगावं लागलं, तात्या."

"बाराजन वाचले, लई उपकार झाले. पन कर्णिकसायबांची ती पान्यातले न धरायची खोड मी किती सालं पोटात ठिवली व्हती, सायेब. आता त्यांना माझ्यापुढं यायला लाज वाटंल."

झालंही तसंच. कॅडी सगळ्यांना हवा होता, पण तात्या नकोत! त्यांचं नाव आलं की कुणाची कंबर धरायची, कुणाला फोन यायचा. मग ते कायमचे माझ्या वाट्याला आले. दोन वर्षं आम्ही बरोबर फिरलो. माझा कार्डावरचा आकडा एवढा फुगला की मोठ्या साहेबांनी मला कस्टमरसमोर न खेळण्याची प्रेमळ सूचना केली. पण त्या दोन वर्षांत मी तळ्याअलीकडे उलथनं घ्यायला शिकलो.

गेल्या हिवाळ्यात तात्यांच्या गुडघ्यांनी संप केला. शेवटच्या दिवशी अठरावं भोक झाल्यावर मी मुसळ त्यांच्या हातात दिलं. इतकी वर्षं त्यांनी काठ्या वाहिल्या, पण एकही फटका कधी मारला नव्हता. "एक मारा, तात्या."

"आता ह्या वयात?"

"मारा हो. बाकीचे सगळे बघतायत."

खरोखरच सगळे बघत होते. बाकीचे अकरा कॅडी ओळीने उभे होते आणि व्हरांड्यात कर्णिकसाहेबही कप घेऊन आले होते. तात्यांनी दोन्ही टोप्या नीट केल्या. पाय रोवले. चेंडूकडे असं रोखून बघितलं की तो आपणहून पळेल असं वाटलं. मग मुसळ मागे नेऊन सगळ्या अंगानिशी फिरवलं. वाऱ्याचा सूं आवाज झाला, तात्या स्वतःभोवती अर्धे फिरले आणि व्हरांड्याकडे तोंड करून थांबले. चेंडू होता तिथेच होता.

तात्यांनी चेंडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"सायेब, ह्यो धरू नका. ह्यो सराव व्हता."

मी नाही धरला.