अण्णांचं मॉस

फोन बँकेत आला. जेवणाची सुटी नुकतीच संपली होती आणि काउंटरवर पेन्शनवाल्यांची रांग लागली होती. पलीकडून श्रीधर, माझा नवरा, एवढंच म्हणाला, "अण्णा गेला. ऑटो करून सरळ चामराजपेटला ये." सकाळी अंघोळ, कॉफी, पेपर, सगळं नेहमीसारखं झालं होतं. कामवाली भांडी घासून निघताना सांगायला गेली, तर ते खुर्चीतच... हार्ट अटॅक, असं डॉक्टर म्हणाले. त्याला आता काही आठवडे झाले. घरात त्यांचा विषय निघतो तो बहुतेक वेळा मॉसवरून निघतो, म्हणून मीही तिथूनच सांगते.

अण्णा म्हणजे श्रीधरचे थोरले भाऊ. बसवनगुडीतल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. लग्न केलं नाही. का ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमचं सासर पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. चामराजपेटच्या त्या घरात मराठीच, पण निम्मी कानडीत भिजलेली. नव्वदच्या सुमारास मी पुण्याहून लग्न होऊन आले आणि त्यांना भाऊजी म्हणू लागले, तर दुसऱ्याच दिवशी म्हणाले, भाऊजी म्हटलं की कोणी पाहुणा आल्यासारखं वाटतं, सगळ्यांसारखं अण्णाच म्हण.

आमची पहिली कुरबुर झाली ती मागच्या अंगणात. न्हाणीपासून भिंतीपर्यंत सगळीकडे हिरवा थर चढलेला. सासूबाई घसरून पडतील या धास्तीनं मी ब्लीचिंग पावडर आणि खराटा घेऊन बसले. अण्णा कॉलेजला निघाले होते, ते परत फिरले. "स्वल्प थांब, मेधा. चालायची वाट खुशाल घास. भिंतीकडचा कोपरा तेवढा सोड." शेवाळ कशाला ठेवायचं, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी चपला काढल्या, पायरीवर बसले आणि कॉलेजचा पहिला तास बुडवून मला शिकवलं. शेवाळ तळ्यात असतं, हे मॉस. याला खरी मुळं नसतात, फक्त धरून राहायला केसासारखे तंतू. जे काही खायचं-प्यायचं ते पावसातून आणि हवेतून, अंगानंच. उघड्या खडकावर पहिल्यांदा हेच येतं, धूळ धरून ठेवतं, तिची माती होते, मग बाकीची झाडं येतात. घाटात दरडीची माती पावसात वाहून जात नाही, त्यातही याचा हात असतो. लालबागेतले माळी गुटी कलम करताना फांदीची साल सोलून तिथं ओलं मॉस बांधतात, कारण ते स्पंजासारखं पाणी धरतं आणि सहसा कुजत नाही. थंड देशांत लढाईच्या वेळी कापूस संपला तेव्हा सैनिकांच्या जखमांवर वाळवलेलं मॉस बांधत... मी कोपरा सोडला. पटलं म्हणून नाही, त्यांना उशीर होत होता म्हणून.

पुढे जुई झाली, आमची मुलगी, आणि अण्णांना हक्काची विद्यार्थिनी मिळाली. नळाखाली कायम ओल असे, तिथे जमिनीला चिकटून चपट्या हिरव्या पट्ट्या वाढायच्या. ते लिव्हरवर्ट, मॉसचं चुलत भावंड, असं अण्णा सांगत. त्या पट्ट्यांवर मोहरीएवढ्या वाट्या असतात आणि वाटीत हिरवे कण. पावसाचा थेंब पडला की कण उडून लांब पडतात आणि तिथे नवी पट्टी धरते. जुई तासन्‌तास वाटीवर बोटानं थेंब सोडत बसायची आणि अण्णा तिच्याशेजारी उकिडवे.

आमच्या मागच्या भिंतीला लागून नागराजची शेड होती. नागराज अण्णांचा शाळेपासूनचा दोस्त. जुन्या बॅटऱ्या विकत घ्यायच्या, फोडायच्या, आतलं शिसं भट्टीत वितळवून त्याच्या लगडी करून विकायच्या, हा त्याचा धंदा. दर रविवारी सकाळी तो आमच्याकडे कॉफीला येई. दोघं कानडीत बोलत आणि शाळेतल्या मास्तरांच्या नकला करत. जुईसाठी त्याच्या खिशात चॉकलेट असायचंच. मधल्या काळात रस्त्यावर गाड्या वाढल्या तसा त्याचा धंदाही वाढला. भट्टी पूर्वी आठवड्यातून एखादवेळी पेटायची, ती आता रोज पेटू लागली.

जुई चार वर्षांची झाली त्या पावसाळ्यात भिंतीवरचं मॉस हिरवं झालंच नाही. सगळीकडे ओल, अंगणाच्या दुसऱ्या बाजूला गालिचा, आणि शेडकडचा भाग मात्र तपकिरी, हात लावला तर भुगा. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. माझं लक्ष जुईकडे होतं. ती जेवेना, सारखं पोट दुखतं म्हणे, चेहरा पांढरा पडला होता. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, मग लोहाचं टॉनिक दिलं, फरक पडला नाही. एका संध्याकाळी अण्णांनी जुन्या मच्छरदाणीचे तुकडे माझ्यासमोर ठेवले आणि तळहाताएवढ्या पिशव्या शिवून मागितल्या. मडिकेरीकडे एका विद्यार्थ्याचा कॉफीचा मळा होता, तिथून त्यांनी स्वच्छ मॉस मागवलं होतं. ते धुऊन, वाळवून पिशव्यांत भरलं. एक पिशवी आमच्या गच्चीवर शेडच्या बाजूला, एक पुढच्या दाराशी, एक कॉलेजात, एक जयनगरला श्रीधरच्या मावशींच्या बाल्कनीत. हवेत जे असेल ते मॉस धरून ठेवतं, म्हणाले, आपण फक्त काढून बघायचं. काही आठवड्यांनी पिशव्या उतरवून त्यांनी एका प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याकडे दिल्या.

गच्चीवरच्या पिशवीत शिसं निघालं. बाकीच्यांतही थोडं होतं, पेट्रोलच्या धुराचं, पण गच्चीवरचं त्याच्या कितीतरी पट. त्या दिवशी अण्णा कॉलेजला गेले नाहीत. श्रीधरला म्हणाले, जुईचं रक्त तपासून घे, शिशासाठी. रक्तातही निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, औषधाआधी त्या हवेतून पोरीला बाहेर काढा.

रक्ताचा रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी अण्णा शेडवर गेले. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. त्यांनी आवाज चढवला नाही. पिशव्यांचं सांगितलं, जुईचं सांगितलं, भट्टी वस्तीबाहेर ने म्हणाले. नागराज आधी हसला. मग म्हणाला, "गवताच्या पुरचुंडीवरून तू माझ्या पोटावर पाय देतोस?"

"तुझी पोरंही इथंच झोपतात, नागा," अण्णा म्हणाले.

त्यावर नागराजनं त्यांना जायला सांगितलं. पुढच्या रविवारी तो कॉफीला आला नाही.

आम्ही सासूबाईंना घेऊन जयनगरला भाड्याच्या घरात गेलो. अण्णा आले नाहीत. मला त्यांचा राग आला होता, ते स्वतःची तब्येत का धोक्यात घालतात म्हणून. ते म्हणाले, मी निघालो तर गल्लीतल्या पिशव्या कोण बघणार? कारण आता ते घरोघरी जाऊन, परवानगी मागून, खिडक्यांना पिशव्या बांधत होते. लोक हसत. लिंबू-मिरचीऐवजी मेष्टरांनी मॉस बांधलंय म्हणत. अण्णा तक्रार घेऊन कोणत्याही ऑफिसात गेले नाहीत. श्रीधरनं किती वेळा सांगितलं, पण ते म्हणत, आधी त्याला समजू दे, धाड पडली तर तो फक्त भट्टी लपवायला शिकेल. ते बरोबर होते की नाही, मला अजून सांगता येत नाही. त्या महिन्यांत गल्लीतल्या मुलांनी तीच हवा घेतली.

शेवटी आली ती नागराजची बायको, पद्मक्का. तिचा धाकटा मुलगा शाळेत मागे पडत होता, त्याच्याही पोटात दुखायचं. नवऱ्याला न सांगता ती अण्णांकडे आली आणि रक्त कुठे तपासतात ते विचारलं. अण्णा स्वतः तिच्याबरोबर गेले. पुढे त्यांच्या घरात काय झालं ते आम्हाला कळलं नाही. दिवाळीनंतर मात्र भट्टीच्या विटा एका लॉरीत भरून गेल्या. नागराजनं गावाबाहेर एका मोठ्या कारखान्याला जुन्या बॅटऱ्या द्यायला सुरुवात केली आणि शेडमध्ये नव्या बॅटऱ्यांचं दुकान टाकलं. आम्ही जयनगरलाच राहिलो, जुई हळूहळू जेवायला लागली. पद्मक्काचा मुलगाही सुधारला, पण जुईइतका नाही.

पण नागराज अण्णांशी बोलला नाही. भट्टी गेली, मुलगा सावरला, तरीही नाही. अण्णांचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि बहुधा त्यामुळेच त्याला ते अधिक जड गेलं. रस्त्यात समोर आले की दोघं बाजूला होत. अण्णांनी हा विषय माझ्याजवळ एकदाच काढला. "सरी, असू दे, त्याची पोरं बरी आहेत ना," म्हणाले, आणि रविवारी त्याच्यासाठी दुसरा पेला काढायची सवय मोडायला वेळ लागला, असंही म्हणाले. शिशानं त्यांचं हृदय गेलं, असं मी म्हणणार नाही. ते सिगारेट ओढत, आमच्या सांगण्याला न जुमानता.

त्या दिवशी मी ऑटोतून उतरले तेव्हा दारात गर्दी होती. उचलायच्या वेळी नागराज आला, कोणाकडे न बघता पुढच्या बाजूला खांदा दिला आणि परत येताना मधूनच घरी वळला.

गेल्या रविवारी मी आणि जुई अण्णांची खोली आवरायला गेलो. गच्चीच्या कठड्याखाली अण्णांनी फुटक्या मंगळुरी कौलांची रांग लावली होती, आमच्या जाण्यानंतर कधीतरी, आणि त्यांवर मॉस धरलं होतं. इतक्या दिवसांच्या उन्हात ते करपलं असेल असं मला वाटलं होतं. कौलं ओली होती. मॉस हिरवंगार. शेडच्या सपाट छपरावरून कठडा ओलांडून आलेला नागराज तिथे उभा होता, हातात पितळी तांब्या.

जुईनं त्याला सांगितलं की हे पाण्यावाचून मरत नाही. वाळतं, आणि पाऊस आला की पुन्हा हिरवं होतं, अण्णाकाकांनी शिकवलंय.

"ठाऊक आहे. मलाही सांगायचा तो," नागराज म्हणाला. त्यानं उरलेलं पाणी शेवटच्या कौलावर ओतलं. "मी आपलं घालतो."

मी खाली जाऊन कॉफी टाकली. तीन पेले घेऊन वर आले, तेव्हा तो अजून तिथेच होता.