पेनड्राइव्हमधलं सपनाचं गाणं

मंगरूळपीरला कोणाच्या घरचा टीव्ही मुका झाला की शेजारी सांगतात, "रूपाबाईले दाखव." बसस्टँडवरून दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं एका शटरचं दुकान आहे. पाटीवर 'तथागत इलेक्ट्रॉनिक्स' असं लिहिलंय, पण ते नाव फक्त कुरियरवाल्याला लागतं.

रूपा आता बेचाळीस वर्षांची आहे. तिचे वडील माणिकराव पंचायत समितीत शिपाई होते. फावल्या वेळात चौदा एप्रिलच्या कार्यक्रमांसाठी गाणी लिहायचे. थोरल्या रूपाला गळा नव्हता, पण हात चांगला होता. घरातला बंद रेडिओ तिनं सातवीत असताना उघडला आणि बोलता केला. दहावीनंतर माणिकराव तिला घेऊन जमशेदचाचांच्या दुकानात गेले. जमशेदचाचा म्हणजे त्या काळी तालुक्यातले टीव्हीचे एकमेव उस्ताद. मुलगी मेकॅनिक होणार म्हणून बाजारात लोक हसले. चाचांनी मात्र एकच प्रश्न विचारला.

"करंट लागला तं रडशीन का?"

"लागला हाय एकदा. नाही रडली."

"मंग बस तिथं," चाचा म्हणाले.

रूपा तिथं अकरा वर्षं बसली. मग तिनं स्वतःचं दुकान टाकलं. वडील गेल्यावर घर त्याच दुकानावर चाललं आणि धाकट्या सपनाचा गाण्याचा क्लासही.

सपनाला आवाज होता. सकाळी मागच्या अंगणात ती रियाजाला बसायची आणि रूपा ओट्यावर चहा पीत ऐकायची. मग दुकानात जाईपर्यंत तोच सूर डोक्यात असायचा. २०१७ साली एका मराठी वाहिनीनं गावोगावच्या गायकांचा कार्यक्रम केला, त्यात सपनाची निवड झाली. तिनं वडिलांनी लिहिलेलं गाणं गायलं. ज्या संध्याकाळी ते दाखवलं त्या संध्याकाळी रूपानं सेटटॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावून पूर्ण रेकॉर्ड करून घेतलं. पुढं दोन वर्षं पाहुणे आले की भागिरथाबाई, म्हणजे दोघींची आई, तेच लावून दाखवायच्या.

२०१९मध्ये सपनाच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ आवाजाच्या नसेला चिकटून होती. ती काढताना नस वाचेलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सपनानं स्वतः सही केली. जीव वाचला. आवाज मात्र गेला. म्हणजे बोलता येतं, पण कागद घासल्यासारखं, आणि तेही समोरच्यानं कान जवळ नेला तर.

पुढं ती अकोल्याला एका विमा कार्यालयात लागली. कॉम्प्युटरवरचं काम, बोलायची गरज नाही. ती घरी फोन करत नाही, मेसेज पाठवते. भागिरथाबाई प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरं शिकलेल्या. त्या मोबाइलच्या काचेवर बोट ठेवून एकेक शब्द जुळवत पूर्ण मेसेज वाचतात आणि मोबाइल खाली ठेवून म्हणतात, "सारं लिवलं हाय. फक्त ती नाही बोलून राह्यली."

त्या कार्यक्रमाबद्दल घरात कोणी बोलेनासं झालं. पेनड्राइव्ह भागिरथाबाईंच्या ट्रंकेत, माणिकरावांच्या वहीसोबत जाऊन पडला. २०२१च्या पावसाळ्यात शेजारच्या खांबावर वीज पडली, त्यात जुना टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स दोन्ही जळाले. रूपा दुरुस्त करू शकली असती. तिनं केले नाहीत.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर तिनं घरात नवा सपाट टीव्ही आणला आणि त्याला इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारा एक लहान डब्बा जोडला. त्या डब्ब्याला पेनड्राइव्ह लावायची जागा होती. दुपारी जेवायला ती घरी आली तेव्हा आई टीव्हीपुढं बसल्या होत्या. ट्रंक उघडी होती.

"रूपे, हे लाव."

रूपानं पेनड्राइव्ह ओळखला. "माय, कायले?"

"लाव मनलं ना."

तिनं लावला. पडद्यावर सपना आली. निळी साडी, केसात पांढरं फूल, मागं ढोलकीवाला. तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि गायला लागली. ओठ हलत होते, मानेची शीर दिसत होती, पण घरात फक्त पंख्याचा आवाज होता.

भागिरथाबाईंनी रिमोट घेऊन आवाज वाढवला. आणखी वाढवला. मग पार शेवटापर्यंत नेला. काही नाही.

"याच्यातूनबी गेला का वं?" त्या म्हणाल्या.

रूपा ताटावर बसली आणि तशीच उठली. हे दुखणं तर ती रोज लोकांच्या घरी जाऊन बरं करत होती. नवा टीव्ही, नवा डब्बा, जुनं रेकॉर्डिंग, चित्र येतं पण आवाज येत नाही. ती जायची, डब्ब्याच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'ऑटो' असेल तिथं 'पीसीएम' करायची, आणि टीव्ही बोलायला लागायचा. लोकांना ती समजावून सांगायची, "हा डब्बा सिनेमाघरासारखा पाच-सहा भोंग्यांचा आवाज पाठवून राह्यला. तुमच्या टीव्हीले दोनच भोंगे हायत. त्याले साधा आवाज द्या लागते."

तिनं तेच केलं. आवाज आला नाही. दुसरा प्लेअर टाकून पाहिला, त्यातही सपना मुकीच. आई मागं उभ्या राहून पाहत होत्या. शेवटी रूपानं पेनड्राइव्ह काढला, रुमालात बांधला आणि पाणी पिऊन बाहेर पडली. दुकानात न जाता आधी जमशेदचाचांकडं गेली.

चाचा आता सत्तरीपुढं आहेत. हात कापतो, त्यामुळं दुरुस्ती बंद, पण रोज दुकानात येऊन बसतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जुन्या टीव्हीवर आवाज येत होता?"

"चांगला येत होता, चाचा."

"लाल-पांढऱ्या वायरीनं?"

"हो."

"मंग तो जुना डब्बा सोताच आवाज उलगडून, साधा करून टीव्हीले देत होता. नव्याले ते उलगडता येत नसन. तू आवाज गेला असं कायले धरून बसली? रेकॉर्डिंगमंदी आवाज हाय का नाही, ते आंधी पाय. आन् हे पाय बेटा, मूळ फाइलले हात लावू नोको. पयले कॉपी कर."

हे रूपाला माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्याच्या घरी तिनं हेच केलं असतं. स्वतःच्या घरात तिला सुचलं नव्हतं.

दुकानात येऊन तिनं लॅपटॉप उघडला. जुना पेनड्राइव्ह दोनदा ओळखला गेला नाही, तिसऱ्यांदा लागला. फाइल उतरायला वेळ लागला, तेवढ्यात एक बाई रिमोट घेऊन आली आणि दुरुस्त करून घेऊन गेली. मग रूपानं फाइल तपासली. रेकॉर्डिंगमध्ये आवाजाच्या दोन पट्ट्या, म्हणजे दोन ट्रॅक, होत्या. तिनं हेडफोन कानाला लावून पहिली ऐकली. पूर्ण कोरी. साधी खरखरसुद्धा नाही.

दुसरी पट्टी त्या सिनेमाघरासारख्या आवाजाची होती. नवा डब्बा आधी पहिली, कोरी पट्टी उचलत होता, आणि दुसरी उलगडण्याची सोय त्याच्यात नव्हती. एवढंच कारण होतं. रूपानं दुसरी पट्टी चालू केली.

ढोलकीची थाप आली. आणि मग सपना.

रूपा पाच वर्षांनी तो आवाज ऐकत होती. तिला वाटलं होतं आपल्याला तो आठवतो. तो आठवत नव्हता. आठवणीत राहिला होता तो फक्त गोड आवाज, पण खरा आवाज नुसता गोड नव्हता. वरच्या सुराला जाण्याआधी तो किंचित खरवडायचा, रोज सकाळी अंगणात खरवडायचा तसाच. दारात एक माणूस टीव्ही उचलून उभा होता आणि काहीतरी विचारत होता. रूपानं त्याला हातानं थांब म्हटलं, आणि तो थांबला.

त्या दिवशी तिनं दुसरं काम केलं नाही. दुसरी पट्टी वेगळी काढली, तिचा साधा दोन भोंग्यांचा आवाज बनवला, कोरी पट्टी टाकून दिली आणि नवा आवाज चित्राला जोडला. नव्या पेनड्राइव्हवर घेऊन संध्याकाळी घरी लावला. टीव्हीतून सपना गायली.

भागिरथाबाई पदर तोंडाला लावून बसल्या. गाणं संपलं. मग म्हणाल्या, "ओठ आंधी हालून राह्यले. आवाज मांगून येऊन राह्यला."

"थोडासाच हाय, माय."

"थोडासा काहून? तिचं तसं नव्हतं."

रूपा दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. आवाज वेगळा काढताना त्याची सुरुवात जराशी सरकली होती. तिनं ढोलकीवाल्याच्या पहिल्या थापेवर चित्र थांबवलं, हात ढोलकीला टेकतो तो क्षण धरला, आणि आवाज तिथपर्यंत मागं ओढला. जमलं नाही. पुन्हा ओढला. सेकंदाचा पाचवा हिस्सा, मग दहावा. तिसऱ्या संध्याकाळी आईंनी मान हलवली. "आता तिच्याच तोंडातून येऊन राह्यला."

तेव्हापासून भागिरथाबाई रोज दुपारी भांडी झाली की गाणं लावायच्या. रूपानं बजावून ठेवलं होतं, सपना आली की लावायचं नाही. तिला सहन व्हायचं नाही. आई हो म्हणाल्या होत्या.

बुद्ध पौर्णिमेला सपना यायची होती. ती सांगितलेल्या गाडीच्या आधीच्या गाडीनं आली. विहारातून परतलेल्या भागिरथाबाई टीव्हीपुढं बसल्या होत्या, रूपा आत खीर ढवळत होती. दार उघडंच होतं. सपना पिशवी घेऊन उंबऱ्याशी आली आणि थांबली. आत ती स्वतः गात होती.

रूपा धावत बाहेर आली आणि तिनं रिमोट उचलला. सपनानं तिचा हात धरला. मानेनं नाही म्हणाली. पिशवी खाली ठेवून ती आईच्या शेजारी जमिनीवर बसली आणि गाणं संपेपर्यंत पडद्याकडं पाहत राहिली. मग बोटानं खूण केली, पुन्हा.

रूपानं पुन्हा लावलं. दुसऱ्या कडव्यात ओळ आली,

'सही करते माय आता, अंगठा नाही देत.'

सपना आईच्या कानाशी वाकली. रूपाला ऐकायला खाली बसावं लागलं.

"इथं मी बाबाचा शब्द बदलला होता," सपना कुजबुजली. "वहीत 'माय' नाही हाय. कोणाच्या ध्यानातच नाही आलं."

"मले आलं होतं," भागिरथाबाई म्हणाल्या.

दोघी बहिणी आईकडं पाहायला लागल्या.

"त्यायनं 'भागी' लिवलं होतं. सही करते भागी आता. मी पयल्यांदा राशनच्या कार्डावर सही केली ना, त्या दिवशी केलं ते गाणं. मी भाकरी करत जावो आन् ते बाजूले बसून मनत जाये." त्यांनी सपनाकडं पाहिलं. "तू बदललं ते बरं केलं पोरी. साऱ्या लोकायसमोर कायले माह्यं नाव?"

"मले लाज वाटली होती तवा," सपना म्हणाली. "आता गाता आलं असतं तं तसंच गायली असती."

आत खीर खाली लागल्याचा वास आला, पण रूपा उठली नाही. मग भागिरथाबाईंनी घसा साफ केला आणि ती ओळ स्वतः म्हटली, 'भागी' घालून. आयुष्यात त्यांनी कधी गायलं नव्हतं. सूर भलतीकडंच गेला. सपना हसली. नुसता श्वास सुटल्यासारखं हसू. तिनं आईच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला आणि सूर जिथं चढायचा तिथं दुसरा हात वर नेला. भागिरथाबाईंनी पुन्हा म्हटलं. थोडं जवळ आलं. तिसऱ्यांदा आणखी थोडं. रूपाला गळा नव्हता, तरी चौथ्यांदा तिनंही म्हटलं.

सपना दोन दिवस राहिली. गाण्याची कॉपी मोबाइलमध्ये टाकून देऊ का, असं रूपानं विचारलं, तर ती आधी नाही म्हणाली आणि निघताना स्वतःच मोबाइल पुढं केला. अकोल्याच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. गाडी सुरू झाल्यावर तिनं खिडकीतून वाकून काहीतरी सांगितलं. इंजिनाच्या आवाजात रूपाला एक अक्षर कळलं नाही. ती गाडीच्या बाजूनं चार पावलं चालली, कानावर हात धरला. सपनानं पुन्हा सांगितलं. तरी कळलं नाही. मग गाडी स्टँडच्या फाटकाबाहेर वळली.

रूपा तिथंच उभी राहिली. पूर्वी सपना मागच्या अंगणातून हाक मारायची तर गल्लीच्या टोकाला ऐकू यायची. मोबाइल काढून तिनं लिहिलं, 'काय मनत होती?'

तासाभरानं उत्तर आलं. 'काही नाही. मायचा चष्मा टीव्हीमांग पडला हाय. तिले काढून दे.'