करडईच्या तेलाच्या गोळ्या

सुजाताबाई कुणाशीही बोलताना आधी खांद्यांकडे बघायच्या, मग चेहऱ्याकडे. मेढ्याच्या आमच्या शाळेत त्या शिवणकाम शिकवत. मी नवीन हजर झाले त्या दिवशी नाव विचारायच्या आधीच म्हणाल्या, "आवं बाई, तुमचा डावा खांदा उतरता हाय. ब्लाउज माझ्याकडं टाका." अंगानं त्या भरभक्कम. जिना चढताना धाप लागली की कठड्याला टेकून स्वतःच हसायच्या, "माझ्या मापाला कापड लय लागतं!"

त्यांना साखरेचा आजार होता. वजन उतरवा, म्हणून डॉक्टर मागे लागले होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी-शेवटी मुंबईत औषधाच्या दुकानात कामाला असलेल्या त्यांच्या धाकट्या भावानं, मिलिंदनं, परदेशी गोळ्यांची बाटली आणली. करडईच्या तेलातून काढलेलं कसलंसं आम्ल. त्यानं म्हणे अंगातली चरबी झडते. बाईंना गंमत वाटली. "करडई आपलीच की! विलायतेला जाऊन शिकून आली."

दिवाळीपर्यंत त्या चांगल्याच उतरल्या. शिक्षकांच्या खोलीत आम्ही सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. त्या पुन्हा पुन्हा स्वतःच्या ब्लाउजची शिवण आत घेत होत्या. साखरेच्या आजारावरच्या गोळ्या चालू आहेत ना, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "दोन-दोन औषधं कशाला? टेप खोटं बोलत न्हाई, बाई."

मग वर्गात त्या सारखं पाणी पिऊ लागल्या. सुईत दोरा ओवायला मुलींना बोलवू लागल्या. रक्त तपासून घ्या, म्हणून मी दोनदा भांडले. "परीक्षा हुंद्यात," एवढंच उत्तर. परीक्षा संपेस्तोवर टाचेला झालेली साधी जखम चिघळली होती.

आधी साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून त्यांना मिरजेला हलवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "त्या तेलानं थोडीफार चरबी गेली असेल. बाकी अंग साखरेनं खाल्लं." पाय काढला, पण विष आधीच रक्तात भिनलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "मिलिंदला कुणी बोलू नगा. त्यानं मायेनं दिलं हुतं."

त्या गेल्या तेव्हा मिलिंद वॉर्डाबाहेर बाकावर बसला होता.

"बाई, खरं सांगा. ताई माझ्या गोळ्यांनी गेली का?"

नाही म्हणणं खरं होतं. पण त्या गोळ्या आल्या नसत्या, तर बाईंनी साखरेच्या सोडल्या नसत्या, हेही खरंच होतं. त्याच्याशेजारी बसून मी बाईंचे शब्द तेवढे सांगितले, "त्यानं मायेनं दिलं हुतं."