पारसकाकांची एक कमेंट

परतूरला जिनिंगजवळ राहणाऱ्यांच्या खिडक्यांवर कापसाचे तंतू बसतात. कुणी आणून टाकत नाही, तरी बसतात. आमच्या तिघांच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. तिघं म्हणजे मी, कॉलेजात फिजिक्स शिकवणारा. शकील सर, स्टॅटिस्टिक्सचे. आणि पारसकाका ओस्तवाल, कापसाचे व्यापारी, वय अठ्ठ्याहत्तर. आमचा नाद एकच. जगभरचे शास्त्रज्ञ मिळून हवामानबदलाचा जो मोठा अहवाल काढतात, तो काकांच्या दुकानात बसून वाचायचा. लोक म्हणतात, यांना दुसरे उद्योग नाहीत. खरंच नाहीत!

* * *

सुरुवात शकील सरांमुळे झाली. ते म्हणाले, अहवाल पक्का होण्याआधी त्याचा मसुदा तपासायला देतात आणि विषयातलं काही कळणारा कुणीही नाव नोंदवून त्यावर कमेंट करू शकतो. काकांना हे पटेना.

"कुनाची चिठ्ठी लागंल?"

"न्हाई."

"सायबाचा शिक्का?"

"न्हाई काका. आपल्याला कशातलं कळतं, तेवढंच लिव्हायचं."

काकांनी वर छताकडे बघितलं. त्यांच्या दुकानाच्या गच्चीवर पाऊस मोजायचं नळकांडं आहे. तरुणपणापासून रोज सकाळी आठला ते पाणी मोजतात आणि वहीत लिहितात. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही मोजलं होतं, हे काकी अजून ऐकवतात.

"मंग लिव्हा," काका म्हणाले, "रोज सकाळी छतावरचा पाऊस मोजतो."

सरांनी तेच इंग्रजीत लिहून पाठवलं. आणि खरं सांगतो, काही दिवसांनी मसुदा आला! आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेचा पंखा दुरुस्त करायचा तर तीन सह्या लागतात.

* * *

त्या मसुद्याच्या पानापानावर लिहिलेलं असतं, की यातलं काही कुणाला सांगू नका, वाटू नका. काकांनी ते इतकं मनावर घेतलं, की प्रिंट मलमलीच्या कापडात पोथीसारखी गुंडाळून कपाटात ठेवली आणि जानव्याला किल्ली अडकवणारे लोक असतात, तशी यांनी कपाटाची किल्ली करदोट्याला अडकवली!

मोंढ्याच्या बाजारात कुणीतरी विचारलं, "काका, आजकाल काय वाचून राह्यले?"

"सांगता येत न्हाई. जगाचं काम हाय."

दोन दिवसांत बातमी पसरली, की काकांची वर कुठेतरी नेमणूक झाली. लोक येता-जाता नमस्कार घालू लागले.

* * *

विद्या आमच्या शकील सरांची विद्यार्थिनी. अंकुशनगरची. वडील साखर कारखान्यात फिटर होते. ती आता पुण्याला संशोधक आहे आणि या अहवालाच्या एका प्रकरणाच्या लेखकांपैकी एक आहे. सुट्टीत आली की दुकानात हजेरी लावते.

काकांनी तिला विचारलं, "हे लिव्हायचं तुला काय मिळतं?"

"काही नाही काका. कुणालाच मिळत नाही. आपापली नोकरी सांभाळून लिहितात सगळे."

"शेकडो लोक? इतकी वर्षं?"

"हो."

मग तिने शेवटच्या बैठकीचं सांगितलं. सगळ्या देशांचे प्रतिनिधी एका सभागृहात बसतात, सारांशाचं एकेक वाक्य पडद्यावर येतं आणि सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय पुढचं वाक्य येत नाही. एकेका शब्दावर तासन्‌तास जातात.

मला आमची स्टाफ मीटिंग आठवली. पाण्याच्या टाकीला झाकण कोणतं घ्यायचं, यावर आम्ही तीन बैठका घेतल्या आणि टाकी अजून उघडीच आहे. काकांनी मात्र हात जोडले. आम्हाला वाटलं विद्याला जोडले, तर ते टेबलावरच्या कागदांना जोडले होते.

* * *

पक्के अहवाल कुणालाही फुकट वाचता येतात. त्यातल्या जुन्या एकाचा सारांश शकील सरांनी मराठीत केला आणि आम्ही तो अंतरवाली सराटीला चहाच्या हॉटेलवर वाचला. अहवालात प्रत्येक गोष्टीपुढे लिहिलेलं असतं, की याची आम्हाला किती खात्री आहे. कुठे उच्च, कुठे मध्यम, कुठे कमी.

एक शेतकरी म्हणाला, "हे बराबर हाय. किती ठावं हाय अन्‌ किती ठावं न्हाई, दोन्ही सांगून राह्यले. असं आमच्याकडं कुनी बोलतच न्हाई."

काकांना ती पद्धत फारच आवडली. काकींनी विचारलं, "रविवारी भाच्याच्या साखरपुड्याला येणार ना?"

"येण्याची शक्यता हाय. खात्री मध्यम."

"मी निघणार नऊ वाजता," काकी म्हणाल्या. "खात्री उच्च!"

काका पावणेनऊला तयार होते.

* * *

आता कमेंटचं सांगतो. मसुद्यात आपल्याकडच्या पावसाबद्दल एक वाक्य होतं, त्यात वर्षाच्या एकूण पावसाचा विचार होता. काका त्या ओळीवर अडले.

"पाऊस एकूण तेवढाच पडून राह्यला, पण मधला खंड लांबला. माझ्या वह्यांत हाय ना! पेरून झाल्यावर पंधरा-पंधरा दिवस कोरडे."

पान नंबर, ओळ नंबर टाकून सरांनी ते पाठवलं. आणि काकांचा जीव त्या ओळीत अडकला. कारण नेमकं तेव्हाच त्यांचा मुलगा महावीर दुकानाचा माळा पाडायला निघाला होता आणि सगळ्या वह्या माळ्यावर होत्या.

"बाबा, ह्या रद्दीचं काय करायचं?"

"जगाचं उत्तर येऊ दे," काका म्हणाले. "त्यांनी न्हाई म्हटलं तर दे रद्दीत."

महावीर थांबला. पण असल्या हजारो कमेंट जातात. आमची कोण वाचणार?

* * *

म्हणून मी एक मूर्खपणा केला. ते प्रकरण विद्याचंच होतं. मी तिला गुपचूप फोन लावला. जरा शब्द टाक, म्हातारा माणूस आहे, आयुष्यभराच्या वह्या आहेत. आपल्याकडे तहसीलला काम असलं तरी आधी आपला माणूस शोधतात, त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, आता त्या कमेंटला मी हात लावणार नाही. ती ओळखीच्या माणसाची आहे हे मी सहकाऱ्यांना सांगेन आणि उत्तर दुसरं कुणीतरी लिहील. पण उत्तर येईल. प्रत्येक कमेंटला उत्तर लिहावंच लागतं आम्हाला."

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. काकांना सांगितलं तेव्हा वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "वशिला चालला न्हाई? बिलकुल न्हाई?" आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मला समजेना रडावं की हसावं.

* * *

अहवाल प्रसिद्ध झाला, तशा सगळ्या कमेंट आणि त्यांची उत्तरंही जाहीर झाली. शकील सरांनी दुकानात लॅपटॉप उघडला. काका, महावीर, मी, सगळे मागे उभे. सर खाली सरकत राहिले, सरकत राहिले. जपान, केनिया, ब्राझील. मग पान, ओळ आणि आमच्या काकांचं नाव.

सरांनी आधी मनातच वाचलं.

"वाचा ना," काका म्हणाले.

"काका, नाकारलं त्यांनी." मग सरांनी पुढचं मराठीत सांगितलं. "धन्यवाद. या अहवालात फक्त प्रकाशित झालेले, इतरांना तपासता येतील असे अभ्यास घेता येतात. ही नोंद अजून प्रकाशित नाही, म्हणून या वाक्यात बदल केलेला नाही. अशा स्थानिक दीर्घ नोंदी प्रकाशित झाल्यास त्यांचा उपयोग होईल."

महावीर माळ्याकडे बघत होता. मला काकांकडे बघवेना.

"हे छापून द्या," काका म्हणाले.

आज परतूरला त्यांच्या दुकानात गेलात, तर लक्ष्मीच्या फोटोशेजारी त्या उत्तराची एक फ्रेम दिसेल. खाली टेबलावर महावीर, नोंदी प्रकाशित करायच्या म्हणून, एकेक वही उघडून कॉम्प्युटरवर पाऊस उतरवत बसलेला असतो. येणारं गिऱ्हाईक विचारतं, "काका, हे कशाचं सर्टिफिकेट?"

काका चष्मा काढून पुसतात आणि सांगतात, "आयुष्यभर अर्ज केले. लई जनांनी न्हाई म्हटलं. पन न्हाई का, ह्याचं कारन पहिल्यांदा कुनी दिलं!"